थोरल्याला नारळ

स्वतः एकदाही विमानात न बसता मुंबईतल्या तमाम विमानप्रवासाची जबाबदारी अंगावर घेतलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मूळचे मालवणकडचे. हयात अंधेरीत गेली, जीव मात्र जुहूच्या जुन्या विमानतळात. टपालाची पहिली विमानं इथे उतरायची तेव्हा सहारला, आताच्या मोठ्या विमानतळाच्या जागी, नुसती शेतं होती, हे ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, धावपट्टीवर माती यांनीच टाकली. आता तिथून हेलिकॉप्टरं आणि छोटी विमानंच उडतात, पण त्याने त्यांच्या भक्तीत फरक पडत नाही. "घरातलो थोरलो तो. कामार जायना म्हणान मान कमी होता काय?" असा त्यांचा सवाल असतो.

यातूनच आमच्या घरात एक कायदा झाला. सहारहून उडायचं असेल तर आधी जुहूला जाऊन थोरल्याला विचारायचं. गावी शुभकार्याआधी राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात, तसंच. बायको ऑफिसच्या कामाला दिल्लीला निघाली तरी टॅक्सी आधी जुहूला वळते. जुन्या विमानतळाच्या भिंतीपाशी उभे राहून मामा खणखणीत आवाजात सुरू करतात, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू लांब पल्ल्याक जाता, तेका सुखरूप पोचव रे म्हाराजा." पाठोपाठ "होय म्हाराजा" म्हणायचं काम जावई म्हणून माझ्याकडे. ते मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत पुटपुटतो. एकदा पहारेकऱ्याने हटकलं, "चाचा, ये क्या चल रहा है?" मामा शांतपणे म्हणाले, "इधर के राखणदार को नारियल देता है. तुम भी राखणदारच है ना?" आणि नारळाची एक वाटी त्याच्या हातावर ठेवली. तेव्हापासून तोच आमच्या टॅक्सीला जागा करून देतो.

या सगळ्यापायी बायकोचं विमान एकदा चुकलं. मला वाटलं, आता मामा वरमतील. ते म्हणाले, "सुखरूप पोचव म्हटलंय, वेळेर पोचव खंय म्हटलंय? थोरलो मागशाल तेवढाच देता." पुढच्या गाऱ्हाण्यात त्यांनी 'वेळेर' हा शब्द घातला आणि विषय संपवला. या माणसाचं मला फार कौतुक वाटतं ते अशा वेळी. श्रद्धेतली चूकसुद्धा ते स्वतःच्याच माथी घेतात.

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राच्या ओळखीने आम्हाला आत जायची परवानगी मिळाली. मामा लग्नातला कोट घालून आले आणि धावपट्टीच्या कडेला चपला काढून उभे राहिले. सोबतचे अधिकारी म्हणाले, "काका, पाय भाजतील." मामांनी ऐकलं नाही. एक छोटं विमान समोरून धावत गेलं आणि उचललं गेलं. ते ठिपका होईपर्यंत मामा बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावयबापू, चूक माझीच. चेडू कॅनडाक गेला तेव्हा मी 'थंय तेचा बस्तान बसव' म्हटलंय. परत येवंदे म्हणूक इसारलंय."

त्यांच्या मुलीचं बस्तान तिकडे उत्तम बसलं आहे. लग्न, घर, मुलं, सगळं झालं. फोन दर रविवारी येतो. ती मात्र गेल्यापासून एकदाही आलेली नाही, आणि मामांनी त्याबद्दल तोवर चकार शब्द काढला नव्हता.

नारळ तिथे फोडता येणार नव्हता. मामांनी तो नुसता हातात धरला. गाऱ्हाणं हळू आवाजात सुरू केलं. "बा म्हाराजा, चेडू सुखात आसा, तसाच ऱ्हवंदे. पण एकदा तेका घराक येवंदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मी म्हणालो, चांगलं मोठ्याने. माझ्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. ते अधिकारीही कोकणातलेच निघाले.

बाहेर येऊन नारळ फोडला. एक वाटी पहारेकऱ्याला गेली, दुसरी मामांनी घरी येऊन माझ्या बायकोकडे दिली. "चेडू येईपर्यंत फ्रीजरात ठेव," म्हणाले. बर्फ काढताना ती वाटी अजून हाताला लागते. आम्ही ती उचलतो आणि परत जागेवर ठेवतो.