नानांची वीत

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात कांदे निवडत होतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथले हे नाना. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी माझे मित्र. त्यांची सून म्हणाली, "सर, नाना गेलं. झोपेतच." याहून चांगलं मरण नाही, असं त्या दिवशी मला चार जणांनी ऐकवलं. असेलही. पण मला राग आला होता, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

वाडीच्या माथ्यावर डोंगराला भेग पडली आहे. रस्त्यासाठी खालून डोंगर कापला, त्यानंतरच्या पावसाळ्यात ती नानांना पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून दर वर्षी गौरी-गणपती पाण्यात गेले की नाना वर चढायचे, भेगेवर वीत टाकायचे आणि आकडा एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे. पाऊण वीत. एक वीत. दीड... दरड यायच्या आधी वाडी खाली हलवा, एवढंच त्यांचं मागणं. मुंबईची पोरं सणाला यायची, भेगेपाशी फोटो काढायची आणि परत जायची.

मी भूगोलाचा मास्तर, म्हणून तहसील कचेरीत द्यायचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे. अर्जात एक रकाना होता, 'घटनेचा दिनांक'. काय लिहू, असं विचारलं तर नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गात मीच नापास झालोय.

"माझ्या आज्यानं कोळशाला झाडं दिली. बापानं भातरोपांसाठी राब भाजायला झाडांचं टहाळ तोडून तोडून डोंगर बोडका केला. रस्त्याच्या कागदावर सही मी केली. आता पाऊसबी पयल्यासारखा पडत नाय, त्यो कुनी बिघडवला ठाव नाय. यातला कुठला दिनांक लिवनार, मास्तर?"

रकाना रिकामा ठेवला तर अर्ज घेत नाहीत, म्हणून मी अतिशहाणपणा केला आणि मागच्या मोठ्या पावसाची तारीख ठोकून दिली. उत्तर आलं की सदर दिनांकास तिथे कोणतीही हानी झालेली नाही, सबब अर्ज निकाली.

पुढच्या खेपेला आम्ही कॅलेंडरच घेऊन गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, वीत म्हणजे किती सेंटिमीटर? मी भडकलो, वाद घातला, नानांना बाहेर घेऊन आलो. तो प्रश्न बरोबर होता, हे कळायला मला नाना जावे लागले.

दिवसकार्य झाल्यावर सून मला वर घेऊन गेली. या वेळी मी टेप नेली होती. तिनं आधी भेगेवर आपली वीत टाकली. कॅलेंडरवर नानांचा शेवटचा आकडा दोन होता, तिचा भरला अडीच.

"वाढली ना, सर? का माझाच हात ल्हान हाय?"

मी टेप लावली. सेंटिमीटरमध्ये आकडा आला, पण तो ताडून बघायचा कशाशी? नानांची वीत केवढी होती, ते कुणीच मोजलं नव्हतं. चढण आली की तो हात माझ्या खांद्यावर असायचा, इतकी वर्षं... आणि मी भूगोल शिकवत होतो.