टेबलावर ठेवेपर्यंत गप्प

आमच्या बेटावरच्या डोंगरात, कोल्ड स्प्रिंग गावात, शर्नेट कुठे आहे असं कुणी विचारत नाही. कान दिला की कळतं. चढावर तिचं कोनफळांचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार फळ्या आणि वर पत्रा, पण तिथं तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पार चर्चपर्यंत ऐकू जातो. पाद्र्याच्या प्रवचनाला मध्येच उत्तर देणारी अख्ख्या डोंगरात ती एकटीच. नवरा अमेरिकेत सफरचंदं तोडायला गेला तो परतलाच नाही. तिकडं शांतता मिळाली म्हणून राहिला, असं लोक म्हणतात. शर्नेटही हसत तेच म्हणते, पण बोटातली अंगठी काही काढत नाही.

अशा बाईवर नेडीनच्या लग्नाचा केक न्यायची वेळ आली, तेव्हा गावाला आठवडाभर विषय पुरला.

नेडीन आणि शर्नेट एका बाकावर बसून शिकल्या, एका आंब्यावरून पडल्या. नेडीन कॅनडाला गेली आणि तिकडचीच झाली. आता ती लग्न करत होती, खाली समुद्राकाठच्या रिसॉर्टमध्ये. नवऱ्याकडची माणसं विमानातून येणार होती. गावातून बोलावणं एकट्या शर्नेटला, तेही फोनवर मेसेज करून. नेडीनची आई, जिला सगळा गाव मानाने मिस सिल्डा म्हणतो, अर्धांगाने खाटेला खिळलेली. तिला खाली कोण नेणार आणि कसं? पण केक मात्र तिचाच जाणार होता, रममध्ये मुरलेल्या फळांचा काळा केक. नेडीन गेली त्या नाताळापासून तिने बरणीत मनुका आणि चेरी रममध्ये भिजत घातल्या होत्या, आणि दर नाताळाला वरून रम ओतत आली होती. आता ती खाटेवरून सांगत गेली आणि शर्नेट घोटत गेली.

"तू नेणार?" मिस सिल्डा म्हणाली. "अगं, तू झोपेतसुद्धा बडबडतेस."

"मग दुसरी कोण आहे सांगा ना, मिस सिल्डा. केक नेणाऱ्यांपैकी मिस एनिडला पुरलं, मिस बेरिलला दिसत नाही. केक न्यायला लग्नाची अंगठी घातलेलीच लागते, तशी मीच उरले."

"घरातून निघालीस की त्यांच्या टेबलावर ठेवेपर्यंत चकार शब्द नाही. शब्द निघाला की केकातला आशीर्वाद सांडला. मग रविवारी आईकडे आभाराच्या जेवणाला नवरी येत नसते."

"येईल हो. न यायला काय झालं?"

"न यायला काय झालं, ते मी इतकी वर्षं इथं पडून मोजतेय," म्हातारी म्हणाली. "केक नीट पोचला तर तिला यावंच लागेल. लग्नानंतरचा रविवार आईच्या घरचा असतो. ते ती विसरली नसेल. फक्त तू गप्प बस."

शनिवारी शर्नेट पांढरा झगा घालून, पांढऱ्या कापडाखाली केक घेऊन टॅक्सीत बसली. टॅक्सीत नेहमीप्रमाणे माणसावर माणूस. केक मांडीवर, त्यावर दोन्ही हात.

"शर्नेट, जीभ घरी विसरलीस काय गं?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"देवाला दया आली," मागून कुणी म्हणालं. "आता दर शनिवारी केक दे हिच्या मांडीवर."

एरवी तिने दोघांचीही सालटी काढली असती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. वळणावर पाठीत कुणाचं तरी कोपर लागलं तरी तिने हूं केलं नाही.

रिसॉर्टच्या फाटकावर पहारेकरी म्हातारा होता. बाहेरचं खाणं आत न्यायची बंदी होती. त्याने नाव विचारलं. शर्नेटने फोनवरचं बोलावणं पुढे धरलं. कापडाखाली काय आहे विचारलं. ती नुसती बघत राहिली. मग त्याने कापडाचा कोपरा उचलला, रमचा वास घेतला, आणि कापड होतं तसं झाकलं.

"माझी आजी असाच न्यायची," तो हळूच म्हणाला. "जा. मला काही दिसलं नाही."

आत वाळूवर पांढऱ्या खुर्च्या, पांढरी फुलं आणि टेबलावर साखरेचा उंच पांढरा केक. शर्नेटने आपला काळा केक त्याच्या शेजारी ठेवला. मगच तिने श्वास सोडला. नेडीन समोरून येत होती, नवरीच्या वेषात, आणि खरंच सुंदर दिसत होती.

"नेडी, तुझ्या आईचा केक," शर्नेट म्हणाली. दिवसभरातला तिचा तो पहिला शब्द.

नेडीनने तिला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. "तू अजून तशीच आहेस गं."

"उद्या चर्च झालं की या दोघं. मटण मीच शिजवतेय. आई सकाळपासून हॅट घालून बसेल."

नेडीनने केकवरचं कापड उगाच सरळ केलं. "उद्या सगळ्यांना बोटीतून न्यायचंय, शर्न. केव्हाच ठरलंय."

"मग सोमवारी ये."

"सोमवारी विमान आहे." मग तिने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? त्या घरात त्याला कसं नेऊ मी? परसातला तो संडास, ती खाट, तो वास. तूच सांग. आईला काहीतरी समजाव. तुला बोलता येतं."

शर्नेटला बोलता येतं हे खरं. पण ती मागे सरली आणि खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली. तिला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण नेडीन दुष्ट नव्हती, फक्त लाजत होती. लग्न लागलं, फोटो झाले, उंच केक कापला. काळ्या केकवरचं कापड कुणी काढलंच नाही. निघताना नेडीनने पांढऱ्या केकचा तुकडा आईसाठी बांधून दिला. शर्नेटने तो फाटकावरच्या म्हाताऱ्याला दिला.

"पोचला का?" त्याने विचारलं.

"पोचला," ती म्हणाली.

रविवारी मिस सिल्डाला ओसरीवर खुर्चीत बसवलं. डोक्याला निळी हॅट, पायात मोजे. मटण शिजलं, नीरफणस भाजला, चर्चमधून माणसं आली, जेवली आणि म्हातारीकडे न बघता निघून गेली. दुपार कलली. वळणावर गाडी वाजली की म्हातारी मान उचलायची. भरलेली दोन ताटं झाकूनच राहिली.

शेवटी तिने विचारलं, "टेबलावर ठेवलास ना तू?"

"ठेवला."

"मग का नाही आली?"

शर्नेटने झग्याची कड बोटाला गुंडाळली. तिला बोटीचं सांगता आलं असतं. खोटं विमानही रविवारी उडवता आलं असतं. मिस सिल्डा तिच्याकडे बघत होती.

"मी बोलले," शर्नेट म्हणाली. "टॅक्सीत. ड्रायव्हर चिडवत होता, राहवलं नाही मला."

म्हातारीच्या चेहऱ्यावर लाली आली.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच माझी पोर आली नाही. येणार कशी बिचारी? तुझ्या त्या जिभेला आग लागो. एक दिवस, फक्त एक दिवस गप्प राहायचं होतं तुला."

अंधार पडेपर्यंत ती शिव्या देत होती. शर्नेटने तिची हॅट काढली, मोजे काढले, मटण बारीक करून भरवलं, आणि उलटून एक शब्द बोलली नाही.