बहिणीची नोंद

धुळ्यातला तो निनावी अर्ज मला आजही जसाच्या तसा आठवतो. 'महापालिकेच्या वसाहतीत अमुक नंबरच्या खोलीत एक बाई नऊ वर्षांपासून नोंद नसताना राहते. पोलिसांनी चौकशी करून जबाब नोंदवावेत.' असे अर्ज ठाण्यात नेहमीच येत, बहुतेक शेजाऱ्यांच्या भांडणातून. पण आरोपाऐवजी जबाबाची काळजी करणारा अर्जदार मी प्रथमच पाहत होतो.

हवालदाराला घेऊन मी स्वतः गेलो. खोली एका म्हाताऱ्या गादी कारागिराच्या नावावर होती. दम्यामुळे तो कॉटवरच बसून होता. जवळ साठीच्या एक बाई डाळ निवडत होत्या.

"या कोण?"

"मनी बहीण शे, साहेब," म्हातारा घाईने अहिराणीत म्हणाला. "पाव्हणी शे."

"पाहुणी नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. लिहून घ्या."

चौकशीत माणसं लपवतात. या बाई न विचारता सांगत होत्या. नवरा वारल्यावर शिरपूरहून कधी आल्या, भावाचं औषधपाणी कसं करतात, सगळं. शेजाऱ्यांनाही त्यांनीच जबाबासाठी बोलावलं. स्वतःच्या जबाबाखाली पूर्ण नाव लिहून त्यांनी विचारलं, "याची नक्कल मिळेल ना?"

अक्षर पाहून मी खिशातला अर्ज शेजारी ठेवला. "अक्का, हा तुम्हीच लिहिलाय?"

"हो. खोलीवर नाव लावायला महापालिकेत तीनदा अर्ज केला. बायको किंवा मुलगा असता तर लगेच लावलं असतं, म्हणतात. बहिणीला इथं राहत असल्याचा पुरावा लागतो. माझं रेशनकार्ड शिरपूरचं. उद्या भाऊचं काही झालं तर खोलीला कुलूप लागेल. पोलिसांच्या कागदाला कोणी खोटं म्हणणार नाही."

"मले का बरं नही सांगं?" भावाने विचारलं.

"तू लिहू दिलं नसतं."

गुन्हा काहीच नव्हता. तक्रारीतला शब्द न् शब्द खरा होता. मी पाच शेजाऱ्यांचे जबाब घेतले, जे दिसलं ते अहवालात लिहिलं आणि रीतसर अर्ज घेऊन नकला दिल्या.

काही महिन्यांनी त्या ठाण्यात आल्या. सुनावणीत त्या नकला ग्राह्य धरून नाव लागलं होतं. "भाऊ गेला, साहेब," त्या म्हणाल्या. "खोलीत मीच आहे."

निनावी अर्ज आला की आम्ही आधी विचारायचो, याचं कोणाशी वाकडं आहे? त्यानंतर मी आधी हे विचारू लागलो की, लिहिणाऱ्याला नेमकं हवंय काय?