पाण्यात श्वास सोडायचा कसा

ज्या माणसाचं अर्धं आयुष्य विहिरीत गेलं, त्याला सत्तरी ओलांडल्यावर कुणीतरी पोहायला शिकवावं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

सुरुवात गुडघ्याने केली. डॉक्टर म्हणाले, "रोज पोहा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल." मी म्हटलं, एवढंच ना, पोहणं तर माझ्या अंगातच आहे. तेवढ्यात त्यांनी बजावलं, "पण बेडकासारखे पाय मारायचे नाहीत. गुडघा आणखी बिघडेल. पाय सरळ ठेवून पोहायचं." मी मान हलवली. पाय सरळ ठेवायला काय लागतं?

आमचं गाव सिन्नरच्या पुढे. तिथं कुणाचा हंडा विहिरीत पडला आणि गळ टाकूनही निघाला नाही, की मला बोलावणं यायचं. छाती भरून श्वास घ्यायचा, बुडी मारायची आणि तळचा गाळ चाचपत हंडा हाताला लागेपर्यंत दम धरायचा. काठावरच्या बायका घाबरून हाका मारू लागल्या, की मी आणखी थोडा वेळ खालीच थांबायचो. शाळा चौथीत सुटली. श्वास धरायची ही विद्या मात्र सुटली नाही.

आता मुलाबरोबर शहरात, गंगापूर रोडला राहतो. तिथून जवळच जलतरण तलाव आहे. एक मोठा, खोल. एक छोटा, शिकणाऱ्यांसाठी. मोठ्यात उतरायचं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पोहून दाखवायचं, असा नियम. दाखवायचं कुणाला, तर माझ्या नातीच्या वयाच्या एका पोरीला. ती तिथली कोच. मी सूर मारला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाय सरळ ठेवले, आणि निम्म्यात काठ धरून धापा टाकत उभा राहिलो.

"आजोबा, तुमची मान वर राहते, म्हणून पाय खाली जातात," ती म्हणाली. "तोंड पाण्यात ठेवा. श्वास पाण्यातच सोडायचा, मग मान बाजूला वळवून नवा घ्यायचा."

"पोरी, पाण्यात श्वास सोडला की माणूस मरतो."

"धरून ठेवला की दमतो. आत्ता दमलात तसा."

माझी रवानगी छोट्या तलावात झाली. कमरेएवढं पाणी, आजूबाजूला फोमच्या फळ्या धरून पाय आपटणारी पोरं, आणि मधोमध मी, डोक्यावर निळी रबरी टोपी घालून. घरी आलो की बायको विचारायची, "काय वो, आज किती हंडे काढले?" सून तोंड फिरवून हसायची.

कोच रोज समजावून सांगायची आणि मला रोज सगळं समजायचं. खरी चीड त्याचीच होती. कोपर कुठे हवं, मान किती वळवायची, ओठ कसे ठेवायचे, मी तोंडपाठ सांगू शकत होतो. पण डोक्याला कळलेलं मानेला कळेना. हाताकडे लक्ष दिलं की पाय थांबायचे, पायाकडे दिलं की मान वर यायची. आणि श्वास? तोंड पाण्यात गेलं रे गेलं, की छाती कुलूप लावल्यासारखी बंद. ती विहिरीतच होती अजून, हंडा शोधत. त्या पोरांना कुणी काही समजावलं नव्हतं. बुडबुडे काढा म्हटलं, त्यांनी काढले, हसली, आणि एकेक करून मोठ्या तलावात गेलीसुद्धा. मी तिथंच.

मग कोचनं समजावणं सोडलं. स्वतःचा हात पाण्याखाली धरून म्हणाली, "किती बोटं आहेत, सांगा." मी तोंड घातलं, बघितलं, बाहेर येऊन ओरडलो, "तीन!"

"बाहेर येऊन नाही. पाण्यातच सांगा."

"पाण्यात कोण बोलतं? येड लागलंय का?"

"बोललात तर श्वास आपोआप सुटेल, आजोबा."

असल्या पोरखेळाला मी साफ नकार दिला. अडून बसलो म्हणा हवं तर.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "पोहणं चालू आहे ना? फरक का दिसत नाही?" मी छोट्या तलावात उभा असतो, हे त्यांना सांगायची लाज वाटली. ऑपरेशनची तारीख ठरवू या का, असं त्यांनी मुलाला विचारलं, मला नाही. दुसऱ्या दिवशी तलावावर गेलो, तर कोच म्हणते, "पुढचा महिनाही आपण छोट्यातच राहू. काही घाई नाही."

काही घाई नाही! माझ्या पायावर चाकू चालणार आणि हिला घाई नाही. भिंतीला पाय लावून मी निघालो आणि तोंड पाण्यात जाताच अस्सल गावरान शिव्यांना सुरुवात केली. आधी डॉक्टरला, मग त्या निळ्या टोपीला, मग 'ही कालची पोरगी मला शिकवणार' इथपासून पुढे. कानाशी बुडबुड आवाज होत होता. एक शिवी संपली की मान वळायची, दुसरीपुरती हवा घेऊन परत आत. सगळं बोलून व्हायच्या आधीच हात भिंतीला लागला. समोर कोण कडमडलं म्हणून वर बघितलं, तर तलाव संपला होता.

"आजोबा, मोठ्यात चला," कोच म्हणाली. "आत्ताच. राग जायच्या आत."

मोठ्या तलावात सुनेपासून गावच्या सरपंचापर्यंत सगळे घेतले आणि दुसरं टोक गाठलं. धाप नव्हती. पाय सरळच होते.

"खाली काय म्हणत होता?" तिनं विचारलं.

"रामरक्षा."

"त्यात 'पोरगी' दोनदा आलं," असं म्हणून तिनं माझ्या कार्डावर मोठ्या तलावाचा शिक्का मारला.

त्या रात्री मी बायकोसमोर फार मिरवलो. आणि सकाळी आनंदात तलावात उतरलो, तर छाती पुन्हा बंद! निम्म्यात काठ धरून उभा. तेव्हापासून घरून निघतानाच मी रागाचं काहीतरी जवळ ठेवतो. गंगापूर रोडला राहणाऱ्याला त्याची वाण पडत नाही. उलट्या दिशेनं अंगावर येणारा एखादा दुचाकीवाला तलावाच्या दारापर्यंत भेटतोच. तो दोन फेऱ्यांना पुरतो. तिसरीला डॉक्टर आहेत. ऑपरेशनचं ते परत बोललेले नाहीत, पण मी त्यांना सोडलेलं नाही.