धानाची काडी

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. दोनदा सांगायला बसले होते, आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी सांगून उठले. आज उठणार नाही असं ठरवलंय — बघू या.

आणि आजच का, असं विचाराल तर कारण फार क्षुल्लक आहे. माझ्या भाचीने नवा कॉम्प्युटर मागवलाय. यायची तारीख उलटून पंधरा दिवस झाले. ती रोज कुणाला तरी फोन लावते, रोज चिडते, जेवताना ताट सरकवते. मला तिचा राग येत नाही, कारण मी त्या वयात तिच्याहून वाईट होते. परवा तिची मैत्रीण दाराशी येऊन म्हणाली, "आला का गं?" भाची म्हणाली, "नाही, अजून नाही आला." मी आत मेथी निवडत होते. मी उठले आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मेथी तशीच राहिली.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. कॉम्प्युटर हा शब्दही आमच्याकडे पोचला नव्हता. मशीन म्हणजे टाइपरायटर. माझं गाव किन्हीराजा, मॅट्रिक होऊन मी कारंज्याला मामाकडे राहत होते. जिल्हा परिषदेत कारकून व्हायचं होतं. त्याला मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागे, आणि मराठी टायपिंग शिकवणारे कारंज्यात एकच सर होते. कोर्टातून रिटायर झालेले, मऊ बोलणारे. एसटी स्टँडच्या मागे किराणा दुकानाच्या वर त्यांची लांबोडकी खोली होती. खोलीत चार मशिनी — तीन इंग्रजी, एक मराठी. त्या एका मराठीवर आम्ही नऊ जण. तासातासाची पाळी. आठ ते नऊ माझी, नऊ ते दहा गुंफाची.

गुंफा माझ्याच वयाची. तिचे वडील जिनिंग फॅक्टरीत हमाल, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जाई. छप्पन साली धम्म घेतलेलं घर. त्यांच्या मोहल्ल्यात मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. तीन मैलांवरच्या खेड्यातून ती पायी येई, आणि वेळेआधी येई, आणि जिन्याच्या वरच्या बाकावर मांडीवर एक पुठ्ठा घेऊन बसे. त्या पुठ्ठ्यावर तिने शाईने मशीनच्या सगळ्या कळा, म्हणजे बटणं, काढल्या होत्या. त्यावर बोटं आपटत राही. आवाज काही नाही, नुसती बोटं. माझी पाळी चालू असताना मला दारातून ती बोटं दिसत. दोन महिन्यांत तिचा स्पीड माझ्यापुढे गेला. मला ते आवडलं होतं का? नाही. खोटं कशाला बोलू — आता तरी.

आमची ती मराठी मशीन म्हातारी होती. कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून आणलेली. तिचा काना अडकायचा. मराठी टायपिंगमध्ये काना वेगळा मारावा लागतो, अक्षरापुढची ती उभी काठी. बाकी एखादं अक्षर नसलं तर चालवून घेता येईल, पण कान्याशिवाय मराठीत ओळ पुरी होत नाही. आणि आमचा काना दर तिसऱ्या शब्दाला वर जाऊन तिथेच बसायचा. बोटाने ओढून खाली आणायचा, पुन्हा मारायचा. स्पीड कसला डोंबलाचा?

सरांनी दसऱ्याला नव्या मशीनची ऑर्डर दिली होती. अकोल्याचा दुकानदार म्हणाला, दिवाळीपर्यंत. दिवाळीत म्हणाला, मराठी मशिनी कमी येतात, आधी सरकारी कचेऱ्यांना जातात. संक्रांत झाली. मी रोज विचारायची. सर म्हणायचे, "मशीन येईन ना बाई, येईन." मी ट्रान्सपोर्टच्या हापिसात जाऊन उभी राहायची. तिथला माणूस मला दुरून पाहूनच मान हलवायला लागला. मला कशाचीच वाट पाहता येत नव्हती, दूध तापायचीसुद्धा. आणि इथे माझी नोकरी, माझं लग्न पुढे ढकलणं, मामीची बोलणी ऐकून घेणं, सगळं त्या एका खोक्यावर येऊन थांबलेलं. मी रडायची नाही, दात खायची.

माघात एक दिवस काना वर जाऊन बसला, आणि त्याच्या मागे आणखी चार अक्षरांच्या दांड्या जाऊन अडकल्या. घड्याळात नऊला दहा कमी होते. मी एकएक सोडवायला हवी होती. मी मुठीत धरून सगळ्या एकदम खेचल्या. कट्‌ असा आवाज झाला. कान्याची दांडी मधोमध तुटून माझ्या हातात आली.

मी काय केलं? सांगते. मी माझा कागद काढून घेतला. तुटलेला तुकडा मशीनच्या पोटात टाकला. वरून कापडी खोळ घातली, नीट, चारी कोपरे ओढून. खोलीत बाकी दोघं इंग्रजीवाले आपापल्या खटखटीत होते. बाहेर आले तर गुंफा बाकावर. म्हणाली, "झालं काय वो ताई? अजून टाईम हाय ना तुमचा." मी म्हटलं, "डोकं दुखून राह्यलं. बस तू."

सर साडेनऊला येत. ते आले तेव्हा तुटलेल्या मशीनसमोर गुंफा बसलेली होती.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून विचारलं, "तू उठली तेव्हा मशीन बराबर होती?" मी म्हटलं, "हो सर. चांगली होती." एवढंच. हे बोलायला काही वेळ लागतो का? गुंफा तिथेच दाराला टेकून उभी होती. तिने सकाळी सांगितलं होतं की खोळ काढली तेव्हाच तुटलेली होती, मी हात नाही लावला. आता ती माझ्याकडे बघत राहिली. सर तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित माझ्या तोंडून निघालं असतं — कदाचित. ते मऊपणाने म्हणाले, "तुह्या हाताले जोर लई हाय, पोरी. कामाचा हात हाय. नवी मशीन आली का ये. तवालोक घरीच पाठ कर."

कामाचा हात. मी किन्हीराजाच्या जमीनवाल्याची मुलगी, माझा हात हलका ठरला. सरांनी तांबटाकडून ती दांडी डाख मारून जोडून आणली, आणि ती डाखलेली मशीन जपून चालवायला फक्त मला आणि दुसऱ्या दोघांना परवानगी मिळाली. मी तिच्यावर रोज बसत होते. आणि गुंफाच्या पाळीचा तास, तोही मीच घेतला.

त्यानंतर ती दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. आई खाली बाजारात, आणि ही जिन्याच्या तळाशी उभी राहून वर हाक मारी. वर येत नसे. "आली काय वो ताई मशीन?" मी वरूनच म्हणे, "नाई आली वं अजून." ती म्हणे, "बरं." आणि जाई. आठ बाजार असे गेले. त्या आठही वेळी मी खरं बोलत होते. माझा संताप त्या दुकानदारावर होता, कंपनीवर होता, आणि खरं सांगू का — तिच्यावरही. का येते ही दर आठवड्याला? काहून विचारते? तिने विचारलं की ती कट्‌ पुन्हा ऐकू यायची. मशीन लवकर यावी असं मला आता दुप्पट वाटत होतं. ती आली की गुंफा तिच्यावर बसेल, आणि ही हाक बंद होईल. माझा असाच हिशेब होता, शपथेवर सांगते.

रामनवमी आली. पोहरादेवीच्या यात्रेला सगळ्या गाड्या वळल्या, अकोल्याचा माल पुन्हा अडला. टायपिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली. तेव्हा सरांना चार दिवस अमरावतीला मुलीकडे जावं लागलं. किल्ली माझ्याकडे देताना म्हणाले, "मशीन आलीच तर गुंफाले सांगजो. तिच्या फॉर्मवर मी सही करून ठेवली, खणात हाय. फोटो डकवून शनिवारच्या आत टपालात पडला पाह्यजे. हात जड हाय तिचा, पण स्पीड हाय पोरीले."

त्यांनी तिच्या फॉर्मवर सही करून ठेवली होती. त्यांच्या मते जिने मशीन तोडली, तिच्या फॉर्मवर.

मशीन बाजाराच्या दिवशी सकाळी आली. ट्रान्सपोर्टच्या माणसाने लाकडी खोका वर आणून ठेवला आणि म्हणाला, "घ्या बाई, सुटलो." सात महिने. खोलीत कुणी नव्हतं. मी दुकानातून हातोडी आणून खिळे उपटले. आत तणस, म्हणजे वाळका पेंढा, ठासून भरलेलं होतं, पिवळं, मऊ. मी दोन्ही हातांनी ते उपसलं, पोरासारखी मशीन उचलून टेबलावर ठेवली, कागद चढवला आणि नुसता काना मारला. एक ओळ. दुसरी ओळ. बोट टेकवलं की उमटायचा आणि आपला आपण खाली यायचा. मी अख्खं पान कान्याने भरलं. इतकी खूश मी पुढे नोकरीचा कागद आला तेव्हाही नव्हते.

आणि खालून हाक आली. "आली काय वो ताई?"

मी जिना उतरले. खालून तिसऱ्या पायरीवर थांबले, तिला वर चढायला वाट राहणार नाही अशी. आणि म्हटलं, "नाई आली." खणातल्या फॉर्मचं नावही काढलं नाही.

का? इतकी वर्षं मी याचं उत्तर शोधतेय. कधी मी स्वतःला सांगितलं की मी घाबरले — ती परत आली तर तुटलेल्या कान्याची गोष्ट पुन्हा निघेल. कधी म्हटलं, जागेची भीती होती. पण तिची जागा राखीव होती, माझी खुली. ती पास झाली असती तर माझं नखभरही जात नव्हतं. खरं कारण इतकं हलकं आहे की ते लिहिताना मला स्वतःची चीड येते. मला ती मशीन आणखी एक दिवस एकटीला हवी होती. सात महिने वाट मी पाहिली होती, असं मला वाटत होतं. तिने पाहिली नव्हती का? तिने तर पुठ्ठ्यावर पाहिली.

गुंफा नेहमीसारखं "बरं" म्हणून वळली नाही. एक पायरी वर आली. हात पुढे करून माझ्या खांद्यावरून काहीतरी उचललं. काडी होती. तिने ती दोन बोटांत फिरवून पाहिली.

"धानाचं तणस हाय हे," ती म्हणाली. "माह्या मावशीकडं भंडाऱ्याले पाह्यलं मी. आपल्याकडं तं धान होत नाई."

आमच्या कापसाच्या मुलखात भाताचा पेंढा यायचा तो बाहेरून आलेल्या खोक्यातच.

"कुठून आलं वो ताई?"

मी पायरीवरून हलले नाही. तिने काडी माझ्या हातात ठेवली. खाली टाकली नाही, हातात ठेवली. आणि म्हणाली, "बरं. येतो मंग."

शनिवार गेला. रविवारी मी तिच्या गावी निरोप धाडू शकले असते, तारीख गेली होती तरी सरांनी धावपळ केली असती. नाही धाडला. सोमवारी सर परत आले, मशीन पाहून हरखले. खण उघडला, फॉर्म तसाच. विचारलं, "गुंफा आली नव्हती काय?"

मी म्हटलं, "नाही आली, सर."

सरांनी मान हलवली. "गेली असंन कामाले," म्हणाले, आणि फॉर्म चौघडी करून खिडकीच्या फटीत कोंबला, तिथून वारा यायचा म्हणून.

मी त्याच नव्या मशीनवर परीक्षा दिली. पास झाले. नोकरी लागली, चौतीस वर्षं केली. आमच्या भरतीतली ती राखीव जागा त्या साली रिकामीच राहिली, हे मला आस्थापनेच्या टेबलावर बसल्यावर फाइलमध्ये दिसलं. पुढच्या साली कुणी दुसरा मुलगा लागला. गुंफाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. ती पुन्हा कधी परीक्षेला बसली नाही.

ती आहे. मानोऱ्याकडच्या एका गावात आहे, मला गावाचं नावही ठाऊक आहे, घर शाळेच्या मागे आहे हेही ठाऊक आहे. बरीच वर्षं झाली मला हे कळून. माझ्या घरासमोरच्या थांब्यावरून तिकडे दिवसाला तीन बस जातात. सकाळची सव्वासातची तर मला गच्चीवरून दिसते. मी तिच्यात कधी चढले नाही.