माह्या ड्युटीत मेला सुकलाल

सुकलाल मेला हे सगळ्यात आधी मले कळाले पाहिजे होतं, कारण मी त्याच्यापुढं दोन हातावर उभा होतो. पण मी तं त्याचा फोटो काढून राहिलो होतो. नागपुरात मिहानकडच्या एका गोदामाच्या गेटवर आमी दोघं आळीपाळीनं गार्ड. तो माहा साळा, बायकोचा लहान भाऊ, असंन चाळिशीच्या आतबाहेर. सकाळी आठले पाळी घेऊन मी त्याले सोडवाले जाचं होतं, अन् पोहोचलो पावणेदहाले. पाहतो तं साहेब खुर्चीत, मुंडी छातीवर, टोपी मांडीवर, तोंड थोडंसं उघडं. मी म्हटलं, सापडला. त्याच्या बुटाच्या नाड्या खुर्चीच्या पायाले बांधल्या, टोपीत बोगनवेलीचं फूल खोचलं, फोटो काढला अन् गार्डायच्या ग्रुपवर टाकला. लिहाले येत नाही म्हणून खाली बोलून टाकलं, "पाहा गा, आमचे साळेसाहेब कशी कडक ड्युटी करून राहिले." हसणारी तोंडं धडाधड आली. मंग त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, "साहेब आला." एवढ्यानं तो दरवेळेस ताडकन उभा राहे... नाही राहिला.

डॉक्टरनं सांगतलं, हृदय बंद पडलं, तास-दीड तास झाला असंन. मी तिसरी नापास, मले गणित येत नाही, पण एवढं आलं. तास-दीड तास मंजे आठ वाजून गेल्यावर. मंजे सुकलाल आपल्या ड्युटीत नाही मेला, माह्या ड्युटीत मेला. अन् मी त्या वक्ताले घरी घोरत होतो.

आमी गोंड. रामटेकच्या पलीकडं जंगलात आमचं गाव होतं. ते वाघासाठी उठलं, अन् आमी पंधरा-वीस घरं कोराडीच्या वीजघरामागं टिनाच्या खोल्यायत येऊन पडलो. कामाले कोणी घेईना. एक दिवस गार्ड पुरवणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर वस्तीत आला. म्हणे, "रातपाळी जमंन का? झोपसान तं नाही?" सगळे खाली पाहून राहिले. मले तोंड आवरत नाही. मी म्हटलं, "साहेब, आमाले कायची झोप? धानात डुक्कर शिरू नये म्हणून माळ्यावर बसून जागल करणारे लोक आमी. गोंडाले देवानं झोप देल्लीच नाही, त्याच्या बदल्यात नाक मोठं देल्लं." अन् माहं नाक पुढं केलं. सुपरवायझर पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी वस्तीतले नऊ माणसं कामावर. बाया मले चहा पाजून राहिल्या, सुकलाल त्याच्या बायकोले सांगून राहिला, भाऊजी होते म्हणून झालं.

पण मी अर्धीच गोष्ट सांगतली होती. आमच्या गावात जागलीची पाळी राहे. आज ज्यानं जागल केली त्याले उद्या कोणी हात लावत नव्हतं. तो माळ्यावरून उतरून घरी आला की बाया मुसळ खाली ठेवत, कोंबड्या हाकलत. त्याचं नाव घेऊन हाक मारणं तं मनाच होतं. झोपलेल्याचा जीव फिराले गेलेला राहते, हाक मारली तं घाईत रस्ता चुकते, असं म्हातारे सांगत. तो आपल्या मनानं उठे तोवर पाटील आला तरी त्याले बसा लागे. हे सांगतलं असतं तं काम भेटलं नसतं... खरं सांगू का, समोरचा हसाले लागला की मले पुढचं आठवतच नाही.

माही ती अर्धी गोष्ट ठेकेदाराच्या हापिसात पक्की झाली. बाकी गार्डाले बारा घंटे, आमाले दोन पाळ्या जोडून चोवीस. एक पाळी संपली की दुसरी, सुपरवायझर म्हणे, "तुमाले झोप लागत नाही ना बे?" वरतून नियम असा, का सोडवणारा आल्याबिगर गेट सोडाचं नाही. सुकलालले सोडवणारा मी. अन् मी कसा, ते त्याच्या बहिणीले विचारा. जेवता जेवता झोपतो, लग्नात अक्षता टाकता टाकता झोपलेला माणूस आहे मी, तेही आपल्याच लग्नात. मी उशिरा जाचो, तो म्हणे, "काहून उशीर झाला भाऊजी?" मी म्हणो, "तुही बहीण सोडत नाही गा." तो लाजून हसे, अन् डबा उचलून निघे. त्याच्या त्या हसण्यावर मी तीन वर्षं झोपलो.

घरी तरी त्याले कुठं झोप. दिवसाचं टिन, मे महिन्यात त्याच्यावर भाकर शेकंन. बाजूनं कोळशाचे ट्रक, पांघरुणावर राख. अन् हे एकट्या सुकलालचं नाही, वस्तीतले सगळे गार्ड असेच. एकाले चक्कर येते, एकाची शुगर उतरत नाही, एक पोरीचं नाव विसरला. एकदा पाळी बदलताना गोदामावर तपासणीची गाडी आली. डॉक्टरीणबाईनं सुकलालचं बीपी घेतलं, अन् मशीन बिघडली समजून दुसरी लावली. मंग विचारलं, "रोज किती तास झोपता?" सुकलालनं माह्याकडं पाह्यलं. मी पटकन म्हटलं, "मॅडम, त्याच्या वाटची मी झोपतो." गाडीत सगळे हसले. बाई नाही हसली. म्हणे, "त्यांना बोलू द्या." तोवर सुकलाल बाही खाली करून उतरला होता. बाहेर आल्यावर मले म्हणे, "भाऊजी, उद्या तरी आठले याल का?" मी म्हटलं, "येतो ना गा."

साडेआठले गेलो होतो दुसऱ्या दिवशी. त्याच्या पुढच्या पाळीले नऊले.

तो मेल्यावर माहा फोटो कामी आला. सुपरवायझरनं तोच साऱ्या गार्डायले पाठवला, ड्युटीवर झोपणाऱ्याचं काय होते ते पाहा म्हणून. फुलासकट. कागदावरही तेच चढलं, झोपलेला सापडला. मी हापिसात गेलो. म्हटलं, "साहेब, तो झोपला नोयता, मेला होता." तो म्हणे, "फोटो कोणं टाकला? आवाज कोणाचा आहे त्याच्याखाली?" मंग मी त्याले गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग सांगतला. पाळी, मुसळ, हाक मारणं मना, सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. अन् म्हणे, "तू लय मजेदार माणूस आहेस बे," अन् पोट धरून हसला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाले हसवाले गेलो नोयतो.

सुमित्राले, मंजे सुकलालच्या बायकोले, मी किती वाजता पोहोचलो होतो ते कोणी सांगतलं नाही. ते मीच सांगाव म्हणून मागच्या आठवड्यात ड्युटीवर जाता जाता तिच्या घरी गेलो. उन्हं नुकती निघाली होती. तिनं खिडकीवर ओलं पोतं टाकलं होतं, चपला बाहेर काढल्या होत्या, अन् खाटेवर वाकळ अंथरून तयार होती. मी बोलाले लागलो तं म्हणे, "हळू बोला, भाऊजी."

"काहून? कोण झोपलं वं?"

"कोणी नाही. या वक्ताले मले जोरानं बोलता येत नाही आता." मंग म्हणे, "बसा ना. खाटेवर बसा."

मी सुकलालच्या खाटेवर बसलो. पोत्यातून गार हवा येऊन राहिली होती. कसं सुरू कराव, हे मनात जुळवून राहिलो होतो... पावणेदहा म्हणाव का आधी माफी मागाव...

डोळे उघडले तवा ऊन उतरलं होतं. तिनं उठवलं नाही. शेजारच्या घरचा टीव्ही बंद कराले लावला, माहा मोबाइल लुगड्यात गुंडाळून रांधणीत ठेवला, वाजला तं ऐकू येऊ नये म्हणून. म्हणे, "किती दिवसाचे थकले होते भाऊजी, चेहऱ्यावरून दिसत होतं." मोबाइल काढला तं त्यात धनराजचे एकवीस कॉल. धनराज मंजे आमच्याच वस्तीतला, सुकलालच्या जागी लागलेला. कालच्या सकाळपासून गेटवर. मी तसाच पायात चपला अडकवून फोन लावला. सुमित्राले सांगाचं होतं ते तोंडातच राहिलं.

"निघालो गा धनराज," मी म्हटलं. "डोळाच लागला."

तिकडून आधी एक लांब जांभई आली. मंग तो म्हणे, "काही नाही गा दादा... या आरामानं." अन् हसला.