नाव घेता येईल एवढं वजन

मी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये काट्यावर बसतो. धानाच्या गाड्या येतात, काट्यावर चढतात, मी आकडा वाचतो आणि पावती फाडतो. इतक्या वर्षांत नजर अशी बसली आहे की गाडी फाटकातून आत वळताना नुसत्या टायरकडं बघून मी वजन सांगतो आणि फारसा चुकत नाही. मिलमधली पोरं त्यावर चहाच्या पैजा लावतात. म्हणूनच घरातल्या कमठ्याचं वजन ठरवायला मला अख्खा उन्हाळा लागला, हे मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही.

कमठा म्हणजे धनुष्य. त्याचं वजन म्हणजे तो उचलल्यावर हाताला लागतं ते नव्हे, तर दोरी पुरती ओढायला जेवढा जोर लागतो ते. बाबांची मोजायची पद्धत साधी आहे. कमठा मधोमध फांदीला बांधायचा, दोरी खालच्या अंगाला. दोरीला पिशवी अडकवायची आणि दोरी तीराच्या लांबीइतकी खाली येईपर्यंत पिशवीत धान ओतत राहायचं. मग पिशवी तोलायची. दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा कमठा तीस किलोचा होता.

बाबांना तो कधीच पटला नाही. बाबांनी तरुणपणी त्यांच्या वडिलांबरोबर चितळं मारलेली. तेव्हा बंदी नव्हती. ते दादाला म्हणायचे, "चितळाले वीस किलो पुरते. वरचे धा किलो तुह्या मिजाशीचे."

दादा हसून म्हणायचा, "मंग राहू द्या ना बाबा. मिजास का धान खाते का?"

आता हरणावर तीर रोखला तर जंगलखात्याची जीप दारात येते, आणि यावीच. पण आमच्या गावची अक्तीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, रीत शिकारीच्या वेळची आहे. पेरणीआधी, अक्तीच्या दिवशी, बोडीच्या पाळीवर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, हरीण उभं करतात आणि घराघरातला एकेक माणूस त्याच्यावर तीर सोडतो. बोडी म्हणजे आमचा गावतलाव. एरवी हा खेळच असतो. दादाचा तीर तणसातून आरपार जाऊन पलीकडं मातीत रुतायचा, पोरं तो उपटून आणायला धावायची आणि दादा मिशीतल्या मिशीत खूश व्हायचा.

ज्या घरात वर्षभरात मयत झालेली असते, त्या घराला मात्र तो खेळ नसतो. आमच्याकडं गेलेल्याचं नाव अक्तीपर्यंत तोंडातून काढत नाहीत. नाव घेतलं तर तो अर्ध्या वाटेवरून मागं वळतो म्हणतात. अक्तीला त्या घरचा माणूस कमठा पुरता ओढतो, ओढलेला धरून गेलेल्याचं नाव घेतो आणि मग तीर सोडतो. बाया मागं मोहाच्या झाडाखाली उभ्या असतात. त्यांनी "आयकलं" म्हटलं की नाव मोकळं झालं. त्यांना ऐकू आलं नाही तर पुढच्या अक्तीपर्यंत थांबायचं. खालच्या आळीतल्या एका घराचं असंच झालं होतं. मुलानं दांडगा कमठा घेतला, ओढता ओढता त्याचा चेहरा लालबुंद झाला आणि आईचं नाव नुसतं कण्हल्यासारखं बाहेर आलं. बायांनी माना हलवल्या. ती म्हातारी आणखी एक वर्ष घरात "ती" म्हणूनच राहिली.

दादा धान कापणीच्या दिवसांत गेला. दुपारी बांधावर पाणी प्यायला बसला तो बसलेलाच राहिला. मिलमध्ये तेव्हा हंगाम जोरात होता. मला फोन आला तेव्हा काट्यावर गाडी उभी होती. मी फोन ऐकला, गाडीचं वजन घेतलं, पावती फाडून ड्रायव्हरच्या हातात दिली, शर्टाच्या खिशात पेन अडकवलं आणि मग निघालो. त्या गाडीचं वजन मला आजही सांगता येईल. फोनवर कोण बोललं, ते सांगता येणार नाही.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. मी जेवत होतो, झोपत होतो, तेरवीला आलेल्या लोकांना पाट देत होतो. कुणी गळ्यात पडून रडलं की त्याची पाठ थोपटत होतो, आणि मनात चालायचं की या माणसाचं वजन साठ-बासष्ट असेल. लोक म्हणाले, लहाना खंबीर निघाला. खंबीर कसला, बधिर झालो होतो. काट्यावर गाडी नसताना काटा शून्य दाखवतो, त्याला कुणी खंबीर म्हणत नाही.

दर रविवारी मी एसटीनं गावी जायचो. बाबा अंगणात बसलेले असायचे. वहिनी चहा करायची. घरात दादाचं नाव नव्हतं. "त्याचा सदरा", "त्यायची गाडी" असं सगळं चालायचं. सोसायटीच्या माणसानं एकदा दारातून त्याचं नाव पुकारलं, तर बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. तो ओशाळून निघून गेला.

होळीच्या महिनाभर आधी एका रविवारी वहिनीनं मला विहिरीपाशी गाठलं. वहिनी तशी कमी बोलणारी. बादली खाली ठेवून म्हणाली, "भाऊजी, एक सांगू का? अक्तीले नाव जोरानं घेजा. मी मांगं राहीन, बायाइत. मले आयकू आलं पायजे."

मी म्हटलं, "घेईन ना."

"मी एकदाच घेतलं त्यायचं नाव. लग्नात, उखान्यात. तवा सारे हासून रायले होते. मलेच आयकू नाई आलं." तिनं बादली उचलली. "अन् आता घरात कोनीच घेत नाई. कधी कधी वाटते, मले आठवते ते नाव खरंच हाय का नाई."

मी मान हलवली. तेव्हाही काही वाटलं नाही. पण ते काम म्हणून डोक्यात बसलं. कामं मला जमत होती.

आता मी काय केलं, तर दादाचाच कमठा जसाच्या तसा ओढायचं ठरवलं. त्याच्या घरचा तीर, त्याचाच कमठा, त्याचंच वजन. गावानं म्हणू नये की मोठा गेला आणि घर हलकं झालं. ही मिजास आमच्या घरात वारशानं येत असावी. मी कमठा पोत्यात गुंडाळून गोंदियाला नेला आणि सुट्टी झाल्यावर मिलच्या मागं, कोंड्याच्या ढिगाआड ओढत बसू लागलो. पहिल्या आठवड्यात दोरी छातीपर्यंत आली. दुसऱ्या आठवड्यात खांद्यात अशी कळ बसली की पावती फाडायला डावा हात लावावा लागला. मालकानं विचारलं, "क्या हुआ?" मी सांगितलं, पोतं उचललं. महिन्याभरानं दोरी कानाशी आली, पण धरता येईना. हात थरथरायचे आणि दोरी सुटून जायची.

रविवारी बाबांनी माझा खांदा पाहिला आणि पोत्यातला कमठाही पाहिला.

"ओढ," ते म्हणाले.

मी ओढला.

"धर. आता बोल काई."

नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून मी जे तोंडात बसलेलं होतं ते म्हणू लागलो, एका ट्रकचा नंबर. अर्धाच झाला आणि दोरी सुटली. बाबा म्हणाले, "कायले मरून रायला गा? तो तीस त्याच्या हाताचा होता. हरीन तुह्यासाठी उभं नाई राहत, बाबू. पाठ करून चरत रायते. तुले ओढून थांबा लागते, ते आडवं होतवरी. जड कमठ्याचा मानूस थांबत नाई, सोडून देते. मंग तीर पोटात जाते, अन् ते दोन दिस झाडीत मरत रायते."

"हे तर तणसाचं आहे बाबा."

"तनसाचं हाय. पन नाव तर खरं हाय ना."

बांबूचा कमठा हलका करायचा म्हणजे आतल्या अंगानं खरवडायचा. बाहेरच्या सालीला हात लावायचा नाही, ती कापली की कमठा मोडतो. खरवडणं सोपं, पण खरवडलेला बांबू काही परत चिकटत नाही. आणि तो कमठा आता वहिनीचा होता. तिनंच तो खुंटीवर ठेवला होता, तीच त्याची धूळ पुसायची. मुठीच्या जागी गुंडाळलेली चिंधी दादाच्या घामानं काळी झाली होती.

बाबांनी तिला विचारलं. वहिनीनं पदराला हात पुसले. कमठ्याकडं पाहिलं, माझ्या खांद्याकडं पाहिलं. मी आपला कोंबड्या बघत होतो.

"त्यायचा जोर तर त्यायच्यासंगंच गेला," ती म्हणाली. "खरवडा. पन चिंधी नका काढू."

बाबांनी बाटलीची काच घेतली आणि खरवडायला बसले. थोडं खरवडायचं, दोरी चढवायची, मला द्यायचं. ओढ, धर, बोल. मी ट्रकचे नंबर म्हणत राहिलो. "आवाज कापून रायला," म्हणायचे आणि पुन्हा काच हातात घ्यायचे. असं करत चार-पाच रविवार गेले. बांबूचे पातळ कुरळे तुकडे अंगणात पडायचे. वहिनी ते झाडून चुलीत घालायची. त्यावर झालेला चहा मी प्यायलो. चहाला चहाचीच चव होती.

शेवटी एका रविवारी मी ओढला, धरला, आणि पाठोपाठ तीन गाड्यांचे नंबर सरळ आवाजात म्हणून गेलो. बाबांनी काच भिंतीपलीकडं टाकून दिली. फांदीला बांधून तोललं तर वीसला थोडा कमीच भरला. "चितळाले पुरते," ते म्हणाले. मला वाटलं, चेहऱ्यावर काहीतरी समाधान दिसेल. पण ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले.

अक्तीला कडक ऊन होतं. सकाळी नवी घागर भरून झाली, पितरांचं पान वाढून झालं. बोडीच्या पाळीवर तणसाचं हरीण उभं होतं, यंदा जरा जास्तच लठ्ठ, कान गाढवासारखे. वनरक्षक दरवर्षीप्रमाणं सणाच्या पुऱ्या, म्हणजे आमच्या सुवाऱ्या, खाऊन सावलीत मोबाइल काढून उभा होता. गाव जमलं होतं. बाया मागं मोहाखाली होत्या. वहिनी त्यांच्यात कुठं आहे, ते मी पाहिलं नाही.

आमच्या घराची पाळी आली. एका म्हाताऱ्यानं कमठ्याकडं पाहून शेजाऱ्याला म्हटलं, "पातळ केला गा." ते मला ऐकू आलं. बाबांनाही आलं असणार.

मी तीर लावला आणि ओढला. चिंधीवर माझी बोटं दादाच्या बोटांच्या खोबणीत बसेनात, त्याचा पंजा मोठा होता. दोरी कानाशी आली. नाव घ्यायला तोंड उघडलं, तोच हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत निघाला, तो रंगीबेरंगी गाड्यांना असतो तो लांबलचक, नागमोडी सुराचा हॉर्न. शेतापलीकडं हायवे आहे, उन्हाळ्यात मोकळ्या रानावरून सगळं इकडं ऐकू येतं. ड्रायव्हरला बहुधा समोर गाय दिसली असेल, तो वाजवतच राहिला.

तेव्हा नाव घेतलं असतं तर ते त्या हॉर्नखाली गेलं असतं. तीस किलोचा कमठा असता तर मी घेतलंच असतं, कारण हातानं थांबू दिलं नसतं. मी थांबलो. दोरी कानाशी, तीर हरणाच्या बरगडीवर. मागं बाबांच्या श्वासाचा आवाज येत होता. हॉर्न सडक अर्जुनीच्या दिशेनं लांब गेला, बारीक झाला आणि संपला. कुठंतरी बकरी ओरडली, तीही गप्प झाली.

मग मी दादाचं नाव घेतलं, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. गाडीचा नंबर घ्यावा तसं सरळ घेतलं. तीर सोडला. तो तणसात पिसांपर्यंत शिरला, आरपार गेला नाही.

मोहाखालून बाया म्हणाल्या, "आयकलं."

मला तेव्हाही काही वाटलं नाही. काम झालं, एवढंच वाटलं. लोकांनी पाठीवर हात ठेवले, वनरक्षकानं व्हिडिओ दाखवला. त्यात माझा चेहरा मिलमध्ये असतो तसाच होता. संध्याकाळी आम्ही घरी आलो. बाबा खाटेवर बसले, मी कमठ्याची दोरी उतरवून तो दाराशी टेकवला आणि पायावर पाणी घ्यायला मोरीकडं वळलो.

वहिनी आतून आली. तिनं कमठा उचलला आणि चिंधीवरचा बोडीचा चिखल अंगठ्यानं पुसला. मग तिनं दादाचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, हळूही नाही. घरातल्या कोणत्याही वस्तूबद्दल विचारावं तसं, नाव घेऊन विचारलं, त्याचा कमठा कुठं ठेवू?

खुंटीवर, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या हातात काहीच नव्हतं, तांब्यासुद्धा नव्हता. तोंड उघडलं पण आवाज फुटेना. मी खुंटीकडं बोट दाखवलं.